साहेबराव जेवला नाही

साहेबरावाची ओळख करून द्यायची तर आधी त्याच्या आवाजाची करून द्यावी लागते. जाधववाडीच्या मोंढ्यात तो सव्वीस वर्षं लिलाव पुकारत आला. धान्याच्या एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे जायचं, मूठभर मका उचलून तळहातावर पसरायचा आणि "बोला, बोला, मका बोला!" असं ओरडायचं की टपरीवर बसलेला व्यापारीसुद्धा चहाचा कप ठेवून उठला पाहिजे. मध्यंतरी मोंढ्यात लाउडस्पीकर आणला होता. दोन दिवसांत तो काढून ठेवला, कारण साहेबराव त्याच्यातूनही तसाच ओरडायचा आणि व्यापाऱ्यांचे कान दुखायला लागले.

मी निजामुद्दीन. त्याचा शाळेपासूनचा दोस्त. आम्ही दोघे सोयगावचे, एका बाकावर बसलेले, एका मास्तरचा मार खाल्लेले. तो नववीत नापास होऊन शाळा सोडून गेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचा मास्तर झालो, एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर इथे शहरात, मयूर पार्कात त्याच्याच गल्लीत घर बांधलं. मी त्याला साहेब्या म्हणतो. तो मला गुरुजी म्हणतो, आणि ते आदराने म्हणत नाही, चिडवायला म्हणतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

हा आवाज गुटख्याच्या पुडीवर चालतो असं त्याचं म्हणणं. सकाळी ढिगापाशी उभं राहायच्या आधी एक पुडी फोडायची, डाव्या गालात सारायची, मग तोंड उघडायचं. "बार भरल्याबिगर तोफ वाजती व्हय, गुरुजी?" असं मलाच विचारायचा. या पुडीवर सरकारची बंदी आहे म्हणे. आमच्या गल्लीत सकाळी दूध यायच्या आधी पुडी मिळते. मी त्याला हजार वेळा सांगितलं असेल. शाळेत मी पोरांना सांगायचो तेव्हा निदान ती ऐकल्यासारखं तरी करायची. साहेब्या तेवढंही करत नव्हता.

त्याची बायको रूपा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. घरात तो आणि त्याची एकुलती मुलगी प्रेरणा. प्रेरणा इंजिनिअर झाली आणि बिडकीनकडच्या एका नव्या कंपनीत लागली. सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. जाण्याआधी ती भाकरी, भाजी करून ठेवायची, ताटाच्या कडेला ठेचा वाढून झाकायची. बापाला ठेच्याशिवाय जेवण जात नाही हे तिला लहानपणापासून माहीत. ठेचा रोज संपलेला असायचा. तो कुठे जायचा हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मागच्या नाल्यात.

झालं असं होतं की साहेबरावाचं तोंड मिटत चाललं होतं. एकदम नाही, दोन-अडीच वर्षांत हळूहळू. आधी तिखट लागलं की आग व्हायची, मग जांभई पुरी येईना, मग भाकरीचा घास मोठा वाटायला लागला. दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर घरच्यांच्या लगेच ध्यानात आलं असतं. पण आमच्याकडे भाकरी कुस्करून खायची रीतच आहे. आमटीत कुस्करा, दुधात कुस्करा, चांगला काला मोडा आणि बोटांनी ओढा. साहेबराव पहिल्यापासून काला मोडणारा. त्यामुळे तो चावत नाही, नुसता गिळतो, हे पोरीला दिसलंच नाही. रोज रात्री समोर बसून जेवला तरी दिसलं नाही.

मला कळलं ते मोंढ्यात. गेल्या दिवाळीनंतर एकदा मी मका बघायला गेलो तर ढिगावर दुसराच कुणी ओरडत होता आणि साहेबराव बाजूला उभा राहून नुसता हात वर-खाली करत होता. मी विचारलं तर म्हणाला, "तीन आठवडं झालं, घसा बसलाय." तीन आठवडे घसा बसत नसतो. मी त्याला धरून दातांच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण प्रेरणाच्याच वयाची. तिने सांगितलं, "काका, तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला बरं." साहेबरावाने बोटं उभी धरली. दीड बोट आत गेलं. तिने बॅटरी मारून आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली की सुपारी-तंबाखूने गालाची आतली कातडी ताठ झाली आहे. पुडी आजपासून बंद. दर आठवड्याला गालात इंजेक्शन घ्यायचं. रोज लाकडी काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम करायचा. आणि डाव्या गालात एक पांढरा चट्टा आहे, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. "पुढच्या मंगळवारी या. नक्की या, काका."

बाहेर येऊन साहेबराव पायरीवर बसला. मला म्हणाला, "गुरुजी, प्रेरणाला यातलं काय कळता कामा नये."

"अरे, वेडा का रे तू? तिला नाही तर कुणाला सांगायचं?"

"तिचं लगीन होऊ दे. मंग सांगू. बापाला असलं काय हाय म्हणल्यावर पोरगी घर सोडून जायची नाय, आन् कुणी तिला न्यायचं नाय. तुला तिची शपथ हाय."

मी शिकलेला माणूस. शपथा-बिपथा मी मानत नाही, वर्गात पोरांनाही तेच शिकवलं. पण त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिचं नाव घालून शपथ घातली आणि माझी जीभ आखडली. आज मला माझाच राग येतो तो यासाठी. मंगळवार आला, गेला, साहेबराव गेला नाही. पुडी सोडली म्हणाला. तीही सोडली नव्हती.

जानेवारीत प्रेरणाने बापाला सांगितलं की कंपनीत शिवराज नावाचा मुलगा आहे, बिडकीनचा, माझ्याच खात्यात, आणि मला तो आवडतो. तुम्ही एकदा त्याला भेटा. मुलगा त्यांच्या जातीतला नव्हता. त्यामुळे पोर घाबरलेली होती. तिने मला गाठून विचारलं, "चाचा, बाबा काय म्हणतील?" मी म्हणालो, "तूच विचार की." ती म्हणाली, "बाबा काही बोलतच नाहीत. नुसतं 'बघू' म्हणाले."

साहेबराव माझ्याशी मात्र बोलला. ओट्यावर बसून, गालातल्या गालात. "आमच्यातला नसला म्हणून काय झालं, गुरुजी? रूपा असती तर आधी वरडली असती, मंग मानली असती. मी वरडायचं काम मोंढ्यात करतो, घरात नाय."

"मग तिला तसं सांग ना."

"आसं आधीच सांगून मजा नाय. पोराला बघू. संगं जेवू. आन् शेवटाला गोड मागवून माझ्या हातानं त्याला भरवीन. बोलायची गरजच पडायची नाय."

हे सांगताना तो इतका खुशीत होता की मी जास्त बोललो नाही. आमच्याकडे सोयरीक जमली की बोलत नाहीत, तोंड गोड करतात. साखर का असेना, पेढा का असेना, बापाने हातात घेतला की झालं. प्रेरणालाही ते ठाऊक होतं, आणि तिने ते शिवराजला सांगून ठेवलं होतं हे मला नंतर कळलं.

जेवायचं कुठे, तर निराला बाजाराकडे नवीन उघडलेल्या एका मेक्सिकन हॉटेलात. घरी का नाही, असं मी विचारलं. प्रेरणा म्हणाली, घरी बोलावलं की गल्लीला कळतं, आणि जमलं नाही तर गल्ली वर्षभर विचारत बसते. तेही खरं. शिवाय शिवराजचं म्हणणं, मेक्सिकोचं जेवण म्हणजे मका, राजमा आणि मिरची. काकांचं आयुष्य मक्यात गेलंय, त्यांना आवडेलच. पोराने डोकं लावलं होतं. ते बिचारं चांगल्या मनाने सगळं करत होतं.

रविवार, दुपारचा एक. मला साहेबरावाने सोबत ओढलं. "तू बोल, मी ऐकतो," म्हणाला. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. भिंतींवर मोठाल्या काठांच्या टोप्या टांगलेल्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं निवडुंग. निवडुंग बघायला हॉटेलात यावं लागतं हे आम्हा सोयगावच्या माणसांना नवीनच होतं. शिवराज आधीच येऊन उभा होता. उंच, सावळा, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. वाकून आम्हा दोघांच्या पाया पडला. साहेबरावाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मला वाटलं, झालं, जमलं.

सुरुवात छान झाली. शिवराजने मक्यातला ओलावा कसा ओळखता असं विचारलं आणि साहेबराव खुलला. दाणा दाताखाली धरायचा, कटकन फुटला तर वाळला, असं तो सांगत होता. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, साहेब्या, तुझ्या दाताखाली दाणा जाऊन दोन वर्षं झाली. प्रेरणा बापाकडे बघून हसत होती. इतकी हसताना मी तिला तिची आई गेल्यापासून पाहिली नव्हती.

मग शिवराजने मागवायला घेतलं. "काका तिखट खातात ना?"

"बाबा?" प्रेरणा म्हणाली, "बाबा ठेच्याशिवाय घास गिळत नाहीत. सगळ्यात तिखट असेल ते सांग."

साहेबरावाने माझ्याकडे पाहिलं. मी वेटरला काही सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

जेवण आलं. खरं सांगायचं तर ते जेवण धडधाकट माणसालाही निराश करील असंच होतं. मक्याची छोटी भाकरी घेऊन, मधे दुमडून, तळून पापडापेक्षा कडक केलेली. तिला टाको म्हणतात. तिच्या पोटात अर्धवट शिजलेला राजमा, गार कोबी आणि वर लाल चटणी. ती चटणी आधी गोड लागायची आणि मग घशात जाळ करायची. मका असा तळून त्याची चव मारायची असेल तर तो पिकवायचा कशाला, असं मी म्हणालो. शिवराज हसला आणि म्हणाला, "चाचा, पूर्ण तोंड उघडून एकदम चावायचं असतं. तुकडे करून नाही खायचं."

साहेबरावाने टाको हातात घेतला. दोन्ही बाजूंनी पाहिला. ओठांशी नेऊन तिरपा केला, मग उभा केला. एक कोपरा दातांच्या फटीत सारून दाबला, तर सगळंच मोडून त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. प्रेरणा पटकन उठून पेपर नॅपकिनने पुसायला लागली. "असू दे बाबा, सगळ्यांचंच होतं असं."

मग त्याने काय करावं? जे आयुष्यभर केलं तेच केलं. सोबत आलेली राजम्याची वाटी ओढली, टाकोचे तुकडे तिच्यात टाकले आणि बोटांनी कुस्करायला लागला. पण ती तळलेली भाकरी; ती काय ज्वारीच्या भाकरीसारखी भिजते? तो कुस्करतोय, थांबतोय, पुन्हा कुस्करतोय. शेजारच्या टेबलावरच्या दोन पोरी बघत होत्या. शिवराजने नजर दुसरीकडे वळवली, आणि मग त्यानेही आपला टाको वाटीत मोडला. केवढं मोठं मन त्या पोराचं! हे साहेबरावाने पाहिलं नाही. तो पहिला घास दातांच्या फटीतून आत लोटत होता.

तो घास आत गेला आणि त्याचा चेहरा बदलला. डोळ्यांतून पाणी आलं, कपाळाची शीर उभी राहिली. गालातल्या जखमांवर ती चटणी पडली होती. तो खुर्ची सारून उठला आणि हात धुवायच्या जागेकडे गेला. मी मागोमाग गेलो. नळाखाली तोंड धरून तो चूळ भरत होता, थुंकीत लालसर तार दिसत होती.

"आत्ता सांग," मी म्हणालो. "आत्ता नाहीस सांगितलं तर मी सांगतो."

"गुरुजी, नको." त्याने माझं मनगट धरलं. "त्या पोराच्या पुढं? त्याच्या घरचे काय म्हणतील? हे असलं तोंड घिऊन नातं जोडायचं, आन् उद्या ते म्हणतील बापानं फसवलं, पोरगी गळ्यात मारून मोकळा झाला. मी दवाखाना करतो. लगीच करतो. बरा झालो की त्याला घरी बोलीवतो, माझ्या हातानं भरवतो."

"आणि आज?"

"आज जमायचं नाय."

आम्ही परत येऊन बसलो. साहेबरावाने वाटी पुढे सारली. "भूक नाय मला," म्हणाला. प्रेरणाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. शिवराजने घाईघाईने गोड मागवलं. पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या आल्या, साखर आणि दालचिनीत घोळलेल्या. त्यांना चुरोज म्हणतात. त्याही कडकच. शिवराजने बशी दोन्ही हातांनी उचलून साहेबरावापुढे धरली. "काका, गोड तरी घ्या. तोंड गोड करा."

प्रेरणा बापाकडे बघत होती.

साहेबराव म्हणाला, "नको. आज नको."

आमच्याकडे सोयरिकीला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'बघू' म्हणतात, 'कळवतो' म्हणतात, 'आज नको' म्हणतात, आणि समोरच्याने काय ते समजून उठायचं असतं. शिवराज समजला. त्याने बशी खाली ठेवली, पाणी प्यायला, आणि शेवटपर्यंत अदबीने बोलत राहिला. साहेबरावाच्या मनात नकार नव्हता. तो खरोखरच तेवढ्या दिवसापुरतं बोलला होता. हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं आणि मी माझ्या पुढ्यातली कांडी चावत होतो.

पुढे जे झालं ते मला अजून कळत नाही. एका घरात दोन माणसं, एकाच चुलीवरचं खाणारी, आणि दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नाही. गॅस संपला, पाणी आलं, लाइट बिल भरलं, एवढंच बोलणं. साहेबराव मला म्हणायचा, "माझ्यामुळं पोरीची मान खाली गेली. हाटेलात काला मोडला मी. गावठी बाप तिला दाखवायची लाज वाटली आसंल." त्याला वाटलं ती त्याच्या कुस्करण्यावर रुसली आहे. मी म्हणायचो, तसं नसेल रे, तू बोल तिच्याशी. तो म्हणायचा, आधी दवाखाना करतो. आणि दवाखाना काही करायचा नाही. त्या चट्ट्याचा तुकडा काढला की त्याच्यातून काय निघेल याची त्याला इतकी भीती बसली होती की मंगळवार आला की तो सोयगावला निघून जायचा.

मार्चमध्ये ईद झाली. दरवर्षीप्रमाणे साहेबराव आमच्याकडे आला. माझ्या बायकोने, तबस्सुमने, शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली. त्याने चमचा तोंडाशी नेला आणि चमचा दातांना खट्कन लागला. आत जाईना. चहाचा साधा चमचा. तबस्सुमने काही न विचारता आत जाऊन खुर्मा गाळून आणला आणि तो त्याने बशीने ओठांशी लावून ओढून घेतला. निघताना तिला "खुर्मा लई बेस झाला भाभी" म्हणाला, ते शब्दही तिला धड कळले नाहीत.

माझ्याकडून तबस्सुमला सगळं कळलं होतं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "अब भी चुप बैठोगे?" मी त्याच संध्याकाळी कंपनीची बस थांबते तिथे जाऊन उभा राहिलो.

प्रेरणा उतरली. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दीड बोट, चट्टा, मंगळवार, नाल्यातला ठेचा, हात धुवायच्या जागेवरचं बोलणं, सगळं. माझं संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे त्यांना शिवराज पसंत होता?"

"पहिल्यापासून. स्वतःच्या हाताने भरवणार होता त्याला."

ती बसथांब्याच्या कठड्यावर बसली. पिशवी मांडीवर घेऊन, पाय जुळवून, परीक्षेला आलेल्या मुलीसारखी. "चाचा, मी दुसऱ्याच दिवशी त्याला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बाबांना पुन्हा एकदा भेटू दे. मीच नको म्हणाले. म्हटलं, बाबांना अजून एकदा नाही म्हणायला नको लागू दे." मग म्हणाली, "त्याने पुण्याला बदली मागून घेतली. गेल्या रविवारी साखरपुडा झाला त्याचा."

मी चार महिने शपथ पाळली होती. कुणासाठी पाळली, कशासाठी पाळली, विचारू नका.

घरी गेल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ बापापुढे जाऊन उभी राहिली. "आ करा, बाबा." साहेबरावाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. मोबाइलच्या उजेडात तिने आत पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. फोन लावून उद्याच्या दवाखान्याचं विचारून घेतलं, कंपनीत सुट्टी कळवली, मग आत जाऊन भात मऊ शिजवला, दुधात कालवला आणि ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं.

साहेबराव हलका झाल्यासारखा दिसत होता. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्याचंच त्याला बरं वाटत असेल. ताटाला हात लावायच्या आधी तो म्हणाला, त्याच्या त्या अर्ध्या मिटल्या तोंडाने, पण हसून, "आता त्या पोराला बोलीव. हाटेलात नको, घरी बोलीव. पोरगं लई गुणाचं हाय."

"त्याचा साखरपुडा झाला, बाबा."

"कवा?"

"रविवारी. मीच त्याला नाही म्हणाले होते."

"का गं?"

प्रेरणा भिंतीला टेकून उभी होती. ती रागाने बोलली नाही. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही जेवला नाहीत म्हणून," ती म्हणाली.

साहेबरावाने ताट जवळ ओढलं. तीन बोटांनी थोडासा भात उचलायचा, ओठांच्या फटीशी न्यायचा, अंगठ्याने आत लोटायचा, डोळे मिटून गिळायचा. अर्धा भात हनुवटीवरून खाली यायचा, तो पुन्हा गोळा करून पुन्हा आत लोटायचा. पाव तास झाला, अर्धा तास झाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. प्रेरणा म्हणाली, "बाबा, बास. राहू द्या." तो थांबला नाही. मीही एकदा म्हणालो, "साहेब्या, पुरे." त्याने मानही वर केली नाही. शेवटचं शीत त्याने बोटाने पुसून घेतलं, ताटातलं उरलेलं दूध ओढून घेतलं, आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी उचलून पोरीपुढे धरलं.

तिने ते घेतलं आणि घासायला नेलं.